आठाची डावी बाजू

सायकलचं कुलूप गोठलं होतं. मार्चमध्ये हे चालायचंच. दुपारी वितळलेलं पाणी कुलपात शिरतं आणि सकाळी त्याचा दगड झालेला असतो. मी दोन्ही हातमोजे काढून कुलपावर फुंकर घालत होते. सायकल घसरू नये म्हणून डाव्या हाताने सीटखालची नळी धरली, आणि अंगठा बाबांनी ठोकलेल्या आकड्यांवर गेला. रुओवेसी या आमच्या गावाहून ताम्पेरे शहरात शिकायला आले त्या वर्षी त्यांनी तिथे माझा फोन नंबर ठोकून दिला होता. "चोराला निदान फोन करून कळवता येईल," असं म्हणत एकेक पंच, म्हणजे आकड्याचा पोलादी ठसा, लावून हातोडीचा एकेकच घाव. दहा आकडे, त्यांत आठ दोनदा. अंगठा शेवटच्या आठावर फिरला आणि थांबला. आठाच्या कमरेशी, जिथे वरचं वर्तुळ संपून खालचं सुरू होतं, तिथे खाच तुटते. पंचाची धार तेवढ्या जागी उडालेली असली की पोलाद दबत नाही, आणि खाचेत धातूचा एक केसाएवढा पूल शिल्लक राहतो. हा पूल मी नऊ वर्षं रोज हाताळत होते आणि मला त्याची जाणीव नव्हती. आता झाली, कारण कालच दुपारी मी तो चाळीसपट मोठा करून पाहिला होता. मागून ट्रामने घंटा वाजवली. मी रुळांच्या फार जवळ उभी होते. बाजूला झाले, कुलूप निघालं, तरी सायकलवर बसले नाही. ती हाताने ढकलत संग्रहालयापर्यंत गेले, फुटपाथवर टाकलेली खडी चाकाखाली करकरत होती, आणि सगळा वेळ अंगठा त्या नळीवरच होता. जणू सोडला तर पूल नाहीसा होईल. किंवा मला तेच हवं होतं.

काल पाहिलेला आठ एका बंदुकीवर होता. शत्रूकडून हाती लागलेली बंदूक, आपल्या कारखान्यात नवी नळी बसवलेली, आणि मग युद्धाच्या ऐन मध्यावर कुठल्या तरी डेपोत तिच्या डाव्या अंगाला भोकं पाडून दुर्बीण चढवलेली. अशा बंदुका थोड्या झाल्या आणि त्यांच्या नकला पुष्कळ. युद्ध संपल्यावर सैन्याने दुर्बिणी उतरवल्या, भोकं वेल्डिंगने बुजवली, आणि पुढे केव्हा तरी त्या साध्या बंदुका म्हणून विकून टाकल्या. ज्याच्या हाती अशी बंदूक लागते तो भोकं पुन्हा उघडून दुर्बीण चढवतो. ज्याच्या हाती लागत नाही तो साध्या बंदुकीला नवी भोकं पाडतो. दोन्ही बाहेरून सारख्या दिसतात. माझं काम भोकाच्या आत असतं. आतली भिंत घासून तिला आम्लाचं बोट लावलं की वेल्डिंगचं पोलाद वेगळं काळवंडतं. भोकाभोवती तसं कडं दिसलं म्हणजे ते एकदा बुजवलेलं होतं, म्हणजे आधी ते होतं. कालेर्वो साविओ नावाच्या म्हाताऱ्याने तपासायला आणलेल्या या बंदुकीच्या चारही भोकांना कडी निघाली होती. बोल्टवरचा, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या दांड्यावरचा, नंबर नळीशी जुळत नव्हता, हीही चांगली खूण. आपल्या डेपोत मोडका बोल्ट काढून हाताला येईल तो दुसरा घालायचे, नंबर जुळवत बसायला कुणाला वेळ नव्हता. बाबांचा धंदाच बंदुका दुरुस्त करण्याचा आणि पारखण्याचा; ते सांगायचे, "सगळे नंबर जुळलेली बंदूक दिसली की खिशातले हात खिशातच ठेव." आणि काल तो आठ पाहिला तेव्हाही मी वहीत काय लिहिलं, तर 'पंच झिजलेला, युद्धकाळातल्या डेपोशी सुसंगत'. तुटकी खाच मी खरेपणाच्या बाजूला मांडली. बुधवारीच मी कालेर्वो साविओंना सांगून बसले होते की बंदूक खरी आहे. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता आणि बराच वेळ सोडला नव्हता, आणि मला अवघडल्यासारखं झालं होतं, कारण अजून नंबर तपासायचा राहिला होता आणि मी घाई केली होती.

संग्रहालयाच्या सायकलघरात मी गुडघ्यांवर बसून त्या आठाचा सिलिकॉनचा साचा घेतला. सहा मिनिटं लागतात. त्या सहा मिनिटांत मी स्वतःला सांगत होते की पंच कारखान्यात शेकड्यांनी बनतात, धार कुठेही उडू शकते. हे खरं होतं. पण वर जाऊन कालचा बंदुकीचा आणि हा सायकलचा, असे दोन साचे शेजारी ठेवले तेव्हा पुलाची रुंदी तीच, तिरकेपणा तोच, आणि पुलाच्या डाव्या काठाला एक कवडी फुटल्यासारखा दात, तोही तोच. मी यंत्राचा दिवा मालवला, पुन्हा लावला, साच्यांच्या जागा बदलल्या. बंदुकीवरचे पाचही आकडे पाहिले मग. एक, चार, सात, शून्य, आठ. त्यांच्याभोवतीची जागा बाकीच्या नळीपेक्षा किंचित खोलगट होती. कानशीने घासून, पॉलिश करून, पुन्हा काळी केलेली. काम इतकं नीट होतं की ते बाबांचंच असणार, हे साच्यांशिवायही कळायला हवं होतं. जुना नंबर घासून काढून त्याच जागी नवा ठोकला होता.

ज्या नंबरावर सगळं उभं होतं तो हाच. आमच्याकडे अशा दुर्बिणीच्या बंदुका दोन आधीच आहेत. तिसरी घेण्याचं कारण बंदूक नव्हतं, एमिल साविओ होता. कालेर्वोंचे वडील. जून चव्वेचाळीसमध्ये युद्धात गेले, तेव्हा कालेर्वो चार वर्षांचे. घरी एक काळ्या पुठ्ठ्याची वही आली. तिच्या पहिल्या पानावर बंदुकीचा नंबर, पेन्सिलीने, आठ म्हणजे एकावर एक दोन गोल. पुढे तळ्यांची नावं, कुणाला किती तंबाखू दिली, एका पानावर नुसतं 'दात दुखतो'. त्या वहीवरून कालेर्वोंनी बंदूक शोधली. टेलिफोनच्या तारा जोडत देशभर फिरायचे, आणि जिथे जातील तिथे जुन्या बंदुकांच्या ढिगात नंबर वाचायचे. ब्याण्णवमध्ये सापडली. "वडिलांचा चेहरा आठवत नाही मला," बुधवारी ते म्हणाले होते, "कोटाचं कापड आठवतं. टोचायचं. पण ही मी तीस वर्षं पुसतोय, म्हणजे तशी ओळख झालीच." एप्रिलच्या प्रदर्शनात एक पूर्ण भिंत एमिलची होती. छायाचित्र मोठं करून आलं होतं: पडलेल्या झाडावर बसलेला पंचविशीचा माणूस, मांडीवर बंदूक, डोळे उन्हामुळे बारीक. खालच्या पाटीवर नंबर छापून झाला होता.

मी मार्केत्ताच्या खोलीत गेले. ती संग्रह सांभाळते, माझी वरिष्ठ. जे होतं ते सांगितलं, वडिलांसकट. ती कॉफीचा कप खाली ठेवायला विसरली.

"आर्वोने? तुझ्या बाबाने?"

"हो."

"त्याने माझ्या तीन बंदुका खोट्या ठरवल्या होत्या एका दुपारी. मी रडले होते घरी जाऊन." मग तिने कप ठेवला. "बरं. आपल्यापुढे काय काय आहे?"

"खालचा नंबर वर आणता येईल. बहुतेक. ठोकलेल्या आकड्याच्या तळाशी पोलाद दबलेलं असतं, वरचं घासून काढलं तरी तो दाब राहतो. आम्ल तिथे वेगळं खातं. पण तो डाग कायमचा राहील."

"आणि नाही आणला तर?"

"तर 'नंबर नंतर ठोकलेला, मूळ नंबर अज्ञात'. भिंत जाईल."

"आणला आणि वेगळा निघाला तर भिंतही जाईल आणि म्हाताराही." ती खिडकीकडे पाहत म्हणाली. "त्याची परवानगी तू घेशील. आणि आम्ल लावशील तेव्हा मी शेजारी उभी राहणार. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही."

"असला तरी तसंच करायला हवं," मी म्हटलं. मला ते खरंच वाटत होतं, तरी कान तापले.

शनिवारी रुओवेसीला गेले. बसच्या खिडकीतून पांढरी तळी आणि काळी झाडं, पुन्हा पांढरं, पुन्हा काळं, आणि माझ्या डोक्यात बाबांच्या कार्यशाळेचा वास. पाइनच्या डांबराचा आणि जवसाच्या तेलाचा. लाकडी दस्त्यांना ते दोन्ही पाजत. मी सहा-सात वर्षांची असेन तेव्हापासून तिथे एका पेटीवर बसून असायची. लांबून लोक येत, बंदूक ब्लँकेटमधून काढून टेबलावर ठेवत, आणि बाबा आधी हात लावत नसत. नुसते बघत. मग नखाने एखाद्या स्क्रूच्या खाचेला टेकवत आणि मान हलवत: नाही. त्या 'नाही'त राग नसे, कीव नसे. माणसं कधी वाद घालत, कधी आवाज चढवत, बाबा त्यांना कॉफी देत, पण 'नाही' तिथेच राही, टेबलावर, बंदुकीशेजारी. मला वाटायचं जगात इतकी स्वच्छ गोष्ट दुसरी नाही. पुढे पदार्थविज्ञान घेतलं, पोलाद घेतलं, ते या एका शब्दासाठी. तो शब्द नखावर न सोपवता मोजता यावा म्हणून. आता बसमध्ये मी मागे जाऊन त्यांचे 'हो' आठवत होते. 'नाही'चं मला कधी भय नव्हतं. पण 'हो' किती होते, कुणाला दिले, त्यांतल्या कितींच्या खाली कानस फिरली होती? एखाद्या मापनयंत्रात खोट निघाली की त्यावर घेतलेली सगळी मापं पुन्हा घ्यावी लागतात. माझी तर सुरुवातच त्या मापावर झाली होती.

बाबा तळ्यावर होते. बर्फाला पाडलेल्या भोकाशी घडीच्या स्टुलावर, हातात वीतभर काठी, दोरा पाण्यात. माझी पावलं ऐकून त्यांनी मान वळवली नाही, मासे बिथरतात.

"बर्फ किती आहे?" मी विचारलं.

"चाळीस सेंटिमीटर. शहरात राहून जाडी झाली असशील तरी चालेल."

मी त्यांच्याशेजारी बादली उलटी घालून बसले. थर्मासमधली कॉफी दिली त्यांनी, झाकणात. थोडा वेळ आम्ही दोघं त्या काळ्या गोलाकडे पाहत राहिलो.

"बाबा, कालेर्वो साविओ आठवतात?"

दोरा जरासा वर आला आणि पुन्हा खाली गेला. "टेलिफोनवाला."

"त्यांच्या बंदुकीवर तुम्ही नंबर ठोकलात."

"ठोकला."

मला वाटलं होतं ते आधी नाकारतील, किंवा विचारतील तुला कसं कळलं. तयारी त्याचीच केली होती. साच्यांची छायाचित्रं पिशवीत होती. ती तशीच राहिली. "खाली काय होतं?"

"गंज."

"गंजाच्या खाली."

"पहिले चार नीट लागत होते. शेवटचा नव्हता लागत. तीन असेल, आठ असेल. तो म्हणाला आठ आहे. मी आठ ठोकला."

"तुम्हाला काय दिसलं?"

"सांगितलं ना, लागत नव्हता."

"मग तसाच ठेवायचा. तो पुरावा होता, बाबा."

"तेव्हा पुरावा नव्हता तो. गंजलेली नळी होती आणि समोर एक माणूस होता." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही लोक त्याला पुरावा म्हणायला लागलात ते नंतर."

"तुम्हीच म्हणायचात, एक कानस फिरली की बंदूक गप्प होते."

"म्हणायचो." त्यांनी दोरा किंचित ओढून पाहिला. "तुझ्या त्या आम्लाने खालचं वर येतं म्हणतात."

"तुम्ही किती घासलंत त्यावर आहे."

"दोन दशांश मिलिमीटर. तीनच्या वर नाही."

तीस वर्षांपूर्वीचं एक काम, आणि त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. हजारो बंदुका त्यांच्या हातांखालून गेल्या. आईच्या वाढदिवसाची तारीख त्यांना दर वर्षी सांगावी लागते. मी त्यांच्याकडे पाहिलं. टोपीच्या कडेला श्वासाचं दव गोठलं होतं, आणि डोळे भोकावरून हलत नव्हते. दोन दशांश. एवढ्या खोलीला दाब नक्की शिल्लक असणार. म्हणजे वाचता येणार होतं, आणि आता ते आम्हा दोघांना ठाऊक होतं.

"किती वर्षांचा झाला तो?"

"चौऱ्यांशी."

"मग कशाला करतेस?"

"त्यांनीच आणलीय बंदूक. मी नाही गेले मागायला."

"पोरी, प्रत्येकाला उत्तर नको असतं."

"मग त्याने प्रश्न आणू नये," मी म्हटलं, आणि माझा आवाज बर्फावर इतका कोरडा वाजला की मीच दचकले. बाबा हसले, थोडेसे. "हे मात्र माझं आहे," ते म्हणाले. मासा लागला नाही. परतताना त्यांनी भोकावर फांदी खोचून ठेवली, कुणाचा पाय जाऊ नये म्हणून, आणि घरापर्यंत आम्ही हवामानाबद्दल बोललो.

रविवारचा दिवस मी काहीच केलं नाही. म्हणजे कपडे धुतले, तळ्याकाठच्या रस्त्याने धावून आले, राईची भाकरी संपली होती ती आणली. पण मधूनच हात थांबायचा आणि मी हवेत तीन काढायची, मग आठ. फरक फक्त डाव्या बाजूचा. उजवीकडचे दोन बाक दोघांचे सारखेच. माणूस एक वही घेऊन तीस-पस्तीस वर्षं फिरतो, पाच आकड्यांतले चार जुळतात, पाचव्याची उजवी बाजू जुळते. त्याने डावी बाजू स्वतःच्या डोळ्यांनी भरून काढली तर ते खोटं का? आणि बाबांनी त्याच्या डोळ्यांवर विसंबून हातोडी मारली तर? दुसऱ्या कुणाची फाइल असती तर मी दोन ओळींत निकाल दिला असता. दुसऱ्या कुणाची नव्हती म्हणूनच दोन ओळींत द्यायला हवा, हेही कळत होतं.

सोमवारी कालेर्वो दहाच्या ठोक्याला आले. इस्त्रीचा सदरा, केस पाण्याने बसवलेले, हातात वेलदोड्याच्या पावांची कागदी पिशवी. प्रयोगशाळेत खायला बंदी आहे म्हटल्यावर त्यांनी ती पिशवी दाराबाहेर खुर्चीवर इतकी हळू ठेवली की जणू तिलाही तपासायचं होतं. मार्केत्ता भिंतीशी उभी होती. मी त्यांना बसवलं आणि आधी तेच सांगितलं.

"कालेर्वो, हा नंबर नंतर ठोकलेला आहे. माझ्या वडिलांनी. आर्वो लेह्तिओंनी."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुझ्या दारावरची पाटी वाचली मी पहिल्याच दिवशी."

"मग बोलला नाहीत ते."

"तू विचारलं नाहीस."

मी आम्लाचं समजावून सांगितलं. डाग राहील, कदाचित काहीच दिसणार नाही, जे दिसेल ते मी लिहीन. त्यांनी कागदावर सही केली, न वाचता, मग माझ्याकडे पाहून पुन्हा चष्मा लावला आणि वाचला. "कर," ते म्हणाले. "तोंडावर नको येऊ देऊ काही. मी बघत नाही तुझ्याकडे." आणि खरंच त्यांनी खुर्ची वळवून खिडकीकडे तोंड केलं. बाहेर छपरावरून बर्फ घसरत होता, अधूनमधून धप्प आवाज.

मायक्रोस्कोपचा पडदा मी मुद्दाम बंद ठेवला होता. भिंगातून एकटीने पाहायचं आणि छायाचित्र घ्यायचं. नळीचा तेवढा भाग आरशासारखा घासला. मग कापसाचा बोळा त्या हिरव्या मिश्रणात, तांब्याचा क्षार आणि आम्ल, आणि आकड्यांवरून एकाच दिशेने फिरवत राहायचं. पोलाद आधी धुरकट होतं. मग त्या धुरातून काही तरी येतं. पहिल्यांदा पाहिलं होतं तेव्हा विद्यापीठात माझ्या अंगावर काटा आला होता, आणि आताही आला, कारण बाबांच्या एकाच्या डावीकडे, अर्ध्या मिलिमीटरवर, दुसरा एक उभा राहत होता, राखाडी, कडा पुसट. मग चार. मग सात. बाबांनी नवा नंबर किंचित उजवीकडे ठोकला होता, म्हणून जुना डावीकडून डोकावत होता. मी ते नशीब समजले, आणि लगेच मनात आलं की इतकं नीट काम करणारा माणूस आकडे नेमके जुन्यावर का बसवत नाही. हा विचार मी बाजूला ठेवला. शून्य आलं. डावी बाजू आणि उजवी बाजू सारखीच गडद. आणि शेवटच्या आकड्याची उजवी बाजू येऊ लागली, वरचा बाक, खालचा बाक, बाबांच्या आठाच्या दोन गोलांतून आरपार दिसणारे. डावीकडे काही नव्हतं.

मी बोळा फिरवला. दहा वेळा, वीस वेळा. नवा बोळा घेतला. एखादी गोष्ट दिसली की ती दिसली. तिथे प्रश्न संपतो. पण न दिसण्याला किती वेळ द्यायचा? अजून एक मिनिट दिलं तर? घाव तिरका बसला असेल, डाव्या अंगाला कमी दाब आला असेल, तर ती बाजू उशिरा येईल. अगदीच पुसट येईल, पण येईल. मी दिलं एक मिनिट. पोलाद तिथे एकसारखं राखाडी होतं, कुठे दाणा नाही, सावली नाही. आणि शेजारी शून्य होतं, त्याच घडीचं, त्याच हाताचं; त्याची डावी बाजू रेघेसारखी स्पष्ट. कारण शोधायला जागा उरली नव्हती. आता मी थांबत होते ती विज्ञानासाठी नव्हे, हे मला आतून उमगलं, तेव्हा मी बोळा खाली ठेवला आणि छायाचित्र घेतलं. एक, दोन, तीन. मार्केत्ताने भिंगाला डोळा लावला, सरळ झाली आणि भिंतीशी परत गेली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

सोड्याच्या पाण्यात नवा कापूस बुडवला. आम्ल मारायला हवं. मारलं नाही तर ते खातच राहतं आणि आलेली खूणही पुसून टाकतं.

"थांब," कालेर्वो म्हणाले. ते उठून आले होते. "मला बघू दे."

मी खुर्ची सोडली. त्यांनी चष्मा काढून खिशात घातला, दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि वाकले. मी भिंगाचं चाक फिरवून त्यांच्या डोळ्याला जुळवून दिला. मग भिंगातून डोळा न काढताच बोलू लागले, आवाज खाली, पोलादाशी बोलावं तसा.

"तीन."

"हो."

"तुझे वडील तेव्हाच म्हणाले होते. भिंग त्याचं होतं, दिवा त्याचा होता. म्हणाला, हा तीन आहे, ही तुझी नव्हे, घरी जा. मी गेलो नाही. दोन दिवस राहिलो त्याच्याकडे. त्याच्या सौनात वाफ घेत बसलो, त्याच्या आईच्या हातचं जेवलो, आणि म्हणत राहिलो आठ आहे, आठ आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने कानस काढली."

माझ्या हातातून सोड्याचं पाणी मनगटावर ओघळत होतं. तळ्यावर बाबा म्हणाले होते, लागत नव्हता.

"ते म्हणाले त्यांना वाचता आला नाही," मी म्हटलं.

"असं म्हणाला?" कालेर्वो जरा हसले असावेत, त्यांची पाठ हलली. "मग भला माणूस आहे. त्याला लागला होता, पहिल्या नजरेत."

"मग इथे का आणलीत, कालेर्वो?"

"म्हटलं, तीस वर्षांत यंत्रं सुधारली असतील." त्यांनी भिंगाची कड बोटाने चाचपली. "आणि मी गेल्यावर माझी पोरं ती कुठल्या तरी ढिगात टाकतील. एकदा कुणी तरी न विचारता आठ म्हणायला हवं होतं. मी काही न सांगता. तू बुधवारी खरी म्हणालीस तेव्हा मला वाटलं, झालं." मग, "तू कागदावर तुझ्या वडिलांचं नाव लिहिणार."

"लिहावं लागेल."

"मग माझंही लिही. ठोकायला मी लावलं. सगळं लिही. मी सही करतो."

मार्केत्ता भिंतीपासून एक पाऊल पुढे आली होती. ती माझ्या हातातल्या बोळ्याकडे पाहत होती, मग घड्याळाकडे. नियमात शेवटच्या बोळ्यानंतर आम्लाला दीड मिनिट आहे. तीन होऊन गेली होती. राखाडी चार आता कडेने पसरायला लागला असेल, सात त्याच्यामागे. छायाचित्रं होती, निकालाला काही होणार नव्हतं. नळीला होणार होतं.

"नीट ठोकलाय कुणी तरी," कालेर्वो भिंगातच म्हणाले. "सरळ घाव आहे. ही ज्याची होती तो माणूस जगला का, कळतं का कुठे?"

"शोधता येईल," मी म्हटलं.

ते वाकलेलेच राहिले. मी कापूस हातात धरून उभी राहिले आणि त्यांना बाजूला व्हायला सांगितलं नाही.